मदत हवी आहे: माळवदाच्या घरात आरपार दगड कसे बसवायचे?

घर औसा तालुक्यात. भिंती दगड-मातीच्या, अडीच फूट जाड. माळवदावर, म्हणजे लाकडी सपाट छतावर, दीड फूट माती. आपल्याकडे भूकंप क्वचितच, पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत अशाच भिंतींचे आतले-बाहेरचे थर सुटले आणि छताची माती झोपलेल्यांवर कोसळली.

माती आठ इंचांवर आणणार, सगळीकडून सारखी काढत. खांब-तुळईला तिरपे लाकडी टेकू देणार. अडचण पुढं आहे, आरपार दगडांची, म्हणजे भिंतीचे आतले-बाहेरचे थर एकत्र बांधून ठेवणाऱ्या दगडांची. त्यांच्या जागी काँक्रीटचे सांधे करायचे: दर तीन-साडेतीन फुटांवर तीन इंची आरपार भोक, त्यात ८ मिमीची दोन्ही टोकं वळवलेली सळई, मग काँक्रीट, हे माहीत आहे. पण पहार मारली की भिंतीतली भर ओघळते. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगावं: दगड कशानं सैल करायचा? एका दिवशी किती भोकं पाडावीत? पावसाळा तोंडावर आहे.