पुराची चौदा पानं काढू का?

गोदाकाठची
माझी कादंबरी तांबट आळीतल्या दोन भावांच्या वाटणीची आहे. खर्डा एक लाख दहा हजार शब्दांवर गेलाय, तीस हजार तरी कमी करायचेत. थोरल्याच्या मुंजीचा प्रसंगही लांबलाय, पण अडलंय ते नाशिकच्या २०१६ च्या ऑगस्टमधल्या पुरावर. चौदा पानं. गोदेच्या पात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी, मग छातीला, मग डोक्यावरून, मग भांडी बाजारात. डोळ्यांनी पाहिलेलं, जीव ओतून लिहिलेलं. पण तेवढी पानं वगळून वाचलं तर कुठेच अडत नाही. भाऊ आधी बोलत नव्हते, नंतरही बोलत नाहीत. ज्या प्रसंगानंतर माणसं होती तिथेच राहतात, तो कितीही चांगला उतरला तरी जायला हवा, असं मला वाटायला लागलंय.

जुना पंचवटीकर
ताई, अजिबात काढू नका! गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं यापेक्षा मारुती कुठवर बुडाला हे आधी विचारणारं गाव आहे आपलं. ते गाव कादंबरीत नको? प्रत्येक पानाकडून कामाचा हिशेब मागितलात तर हाती नुसता सारांश उरेल.

बागायतदार, दिंडोरी
काढा. द्राक्षाच्या घडाची विरळणी करताना आम्ही निरोगी मणीच काढतो. ठेवले तर सगळेच बारीक राहतात. पहिल्या वर्षी माझ्या वडिलांनी मागे उभं राहून करवून घेतली होती, माझा हातच धजत नव्हता.

जुना पंचवटीकर
दादा, एक मणी काढला तर शेजारचा फुगून जागा भरतो. पुराची जागा कोण भरणार? मुंजीचा प्रसंग?

सावानाची सभासद
चौदा पानांत माणसं काय करतात ते सांगा ना. पाणी काय करतं ते कळलं.

गोदाकाठची
शेवटच्या तीन पानांत पाणी ओसरतं. धाकटा गुडघाभर गाळातून एक घंगाळ ओढून काढतो, चिंचेनं घासतो, तर काठाखाली आईचं नाव कोरलेलं दिसतं. पुढे वाटणीत थोरला तेच मागतो आणि धाकटा काही न बोलता देऊन टाकतो.

सावानाची सभासद
अहो, मग अडत कसं नाही? ते कुणी घासलं हे वाचकाला माहीतच नसेल तर ते देणं फुकट जाईल. पाणी चढण्याची अकरा पानं काढा, गाळापासून सुरू करा.

जुना पंचवटीकर
मला हे पटत नाही. चढतं पाणी पाहिल्याशिवाय गाळाची भीती वाटत नाही. निदान मारुतीचं एक वाक्य तरी ठेवा.

गोदाकाठची
पंचवटीकर दादा, मारुती ठेवलाय, एका वाक्यात. बाकीची अकरा पानं आज काढली, रडू आलं. घंगाळ राहिलं. आता थोरल्याच्या मुंजीची नऊ पानं उघडून बसलेय.