ब्रिटनचा ई-व्हिसा: विद्यार्थ्याच्या हातात कागद हवाच का?

उत्तरायण (धागाकर्ता)

ब्रिटनमध्ये शिकायला जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा आता पूर्णपणे ऑनलाइन झालाय. बीआरपी, म्हणजे तिथे पोहोचल्यावर पोस्टातून घ्यावं लागणारं कार्ड, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून नव्याने देणं बंद झालं. ३१ डिसेंबर २०२४ ला बहुतेक जुन्या कार्डांची मुदत एकदम संपली. ज्यांची राहण्याची परवानगी त्यापुढेही शिल्लक होती त्यांचीसुद्धा. १५ जुलै २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या पासपोर्टात चिकटवला जाणारा ९० दिवसांचा स्टिकरही गेला. गंमत म्हणजे सोबत जाणाऱ्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या पासपोर्टात तेव्हा स्टिकर लागतच होता. ज्याच्या जोरावर घर चाललंय त्याचाच पासपोर्ट कोरा!

नोंद ऑनलाइन असायला माझी हरकत नाही. पण सोबत एक छापील, पडताळता येईल असा पुरावा द्या, एवढंच म्हणणं आहे. आत्ताची पद्धत अशी: पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख टाका, मोबाइलवर किंवा ईमेलवर कोड येईल, तो टाका, मग शेअर कोड काढा, तो समोरच्याला द्या, आणि त्याने सरकारच्या साइटवर तपासावं. या साखळीतली एक कडी तुटली की तुम्ही कायदेशीर रहिवासी असूनही ते दाखवू शकत नाही. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालत नाही.

रोखठोक

कार्डाचं एवढं कौतुक वाचून नवल वाटलं. सुट्टीत घरी आलेल्या मुलाचं कार्ड हरवलं की काय व्हायचं माहीत आहे ना? परत जाण्यासाठी १५४ पौंड भरून एकदाच प्रवेश देणारा वेगळा व्हिसा, त्यासाठी पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा बोटांचे ठसे, आणि तिथे गेल्यावर नव्या कार्डाचा अर्ज वेगळाच. सेमिस्टर सुरू होऊन वर्ग बुडायचे ते निराळं. आता हरवायला काही उरलंच नाही.

आणखी एक. ६ एप्रिल २०२२ पासून नोकरी देणाऱ्यांना हातातलं बीआरपी बघून कामावर घेण्याची मुभाच नव्हती. ऑनलाइन तपासणीच करावी लागायची. घरमालकांचंही तेच. म्हणजे तुमचा तो ‘पुरावा’ शेवटची अडीच वर्षं देशाच्या आत बहुतेक ठिकाणी शोभेचाच होता.

फाटका खिसा

मी सध्या तिथेच मास्टर्स करतोय म्हणून लिहितो. सर्व्हर बंद पडण्यापेक्षा मोठी भानगड वेगळीच आहे. आमच्या बॅचमधल्या निम्म्याअधिक पोरांचं यूकेव्हीआय अकाउंट (व्हिसा दाखवणारं ते सरकारी ऑनलाइन अकाउंट) कन्सल्टंटने उघडलंय, त्याच्या ऑफिसच्या ईमेलवर. माझंही. कोड त्याच्याकडे जायचा. पार्ट टाइमसाठी मॅनेजर शेअर कोड मागतोय, भारतात रात्रीचे दोन वाजलेत, कन्सल्टंट झोपलाय. दुसऱ्या दिवशी फोन उचलला तर म्हणतो, सपोर्ट पॅकेज संपलं, रिन्यू करा. म्हणजे माझा व्हिसा बघायचे पैसे मी त्याला द्यायचे!

ज्यांनी भारतातला मोबाइल नंबर दिला त्यांची वेगळी रड. रोमिंग नाही, रिचार्ज संपला, सिम बंद, कोड येत नाही. कार्ड असताना निदान कुणाच्या पाया पडावं लागत नव्हतं.

खवट काकू

अरे बाळा, पण बँकेचा ओटीपी तू कन्सल्टंटच्या फोनवर घेतला असतास का? लाखो रुपये फी भरताना तपासून घेता आणि व्हिसाच्या अर्जावर दुसऱ्याचा ईमेल चालतो? आजच त्याच्याकडून कोड मागवून आत शिर आणि ईमेल, फोन दोन्ही स्वतःचे घाल. दाद देत नसेल तर अकाउंट परत मिळवण्याचा ऑनलाइन अर्ज आहे, तो भर. एजंट लुबाडतो म्हणून सरकारने कार्ड छापावं हे मला काही पटत नाही.

उत्तरायण

काकू, सल्ला अगदी बरोबर आहे, पण १५४ पौंडांना रडणाऱ्या रोखठोक यांनी हेही बघावं: कार्ड हरवलं तर निदान हरवलंय हे लगेच कळायचं. अकाउंट दुसऱ्याच्या हातात आहे हे नेमकं गरजेच्या क्षणी कळतं.

रोखठोक, देशाच्या आतलं तुमचं म्हणणं मान्य. माझा मुद्दा मुख्यतः प्रवासाचा आहे. तिसऱ्याच देशातल्या विमानतळावर चेक-इन काउंटरवरचा माणूस ब्रिटनचे नियम रोज वाचत नाही. कागद नसलेल्याला विमानात चढवलं तर दंड विमान कंपनीला होतो, त्यामुळे शंका आली की तो थांबवणारच. हे सरकारलाही माहीत होतं, नाहीतर मुदत संपलेली कार्डं प्रवासासाठी आधी ३१ मार्च २०२५ पर्यंत आणि मग १ जून २०२५ पर्यंत चालवून घेण्याची वेळ का आली असती?

रोखठोक

कारण बदल होताना सवलत देतात. ती दिली तरी बोला, नाही दिली तरी बोला! विमान कंपन्यांसाठी चोवीस तास हेल्पलाइन आहे, आणि पासपोर्ट अकाउंटला जोडलेला असेल तर कंपनीच्या यंत्रणेतच परवानगी दिसते. अडकतात ते बहुतेक नवा पासपोर्ट काढून तो अकाउंटला न जोडणारे. तिथे राहून पासपोर्ट रिन्यू केला की पहिलं काम ते.

सिडनीकर

ऑस्ट्रेलियाने पासपोर्टवरचं व्हिसा लेबल १ सप्टेंबर २०१५ पासूनच बंद केलं. माझा अख्खा विद्यार्थी व्हिसा असाच गेला. विद्यापीठ, बँक, घरमालक, सगळे व्हेवो नावाच्या साइटवर बघतात. दहा वर्षं झाली, कुणी कागद मागत नाही. ब्रिटनबद्दल एवढा गहजब कशासाठी ते कळत नाही.

उत्तरायण

सिडनीकर, तुम्ही नकळत माझीच बाजू मांडलीत. तुम्हाला व्हिसा मंजुरीचं पत्र आलं होतं ना? त्यावरचा ग्रँट नंबर आणि पासपोर्टचे तपशील टाकले की व्हेवो उघडतं. ते पत्र छापून बॅगेत ठेवता येतं, आईकडे एक प्रत ठेवता येते. फोन हरवला तरी कुठल्याही कॉम्प्युटरवरून आत जाता येतं. अमेरिकेतही विमानतळावरचा कागदी आय-९४, म्हणजे प्रवेशाची नोंद, २०१३ मध्ये ऑनलाइन गेला, पण पासपोर्टच्या माहितीवर तो निघतो आणि छापता येतो. (तिथे पासपोर्टात एफ-१ या विद्यार्थी व्हिसाचा स्टिकर आहेच.) ब्रिटनने मात्र सगळी भिस्त मोबाइलवर किंवा ईमेलवर येणाऱ्या कोडवर ठेवलीय. परक्या शहरात बॅगेसकट फोन चोरीला गेला तर ईमेलसुद्धा नव्या कॉम्प्युटरवर सहजी उघडत नाही.

सिडनीकर

हा फरक लक्षात घेतला नव्हता. पण मग मागणी सोप्या लॉगिनची करा. कार्डाची कशाला?

जुना वकील

कागदाचा आग्रह धरणाऱ्यांनी आणि उडवून लावणाऱ्यांनीही विंडरश प्रकरण आठवावं. कॅरिबियनमधून दशकांपूर्वी रीतसर येऊन स्थायिक झालेल्या लोकांना ‘पुरावा दाखवा’ म्हणून छळलं गेलं, ते २०१८ मध्ये उघडकीला आलं. नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेरही काढलं. त्यांच्या आगमनाची लँडिंग कार्डं सरकारनेच २०१० मध्ये नष्ट केली होती. युरोपियन नागरिकांना ब्रेक्झिटनंतर फक्त डिजिटल दर्जा मिळाला तेव्हा त्यांच्या संघटनेने, ‘द थ्री मिलियन’ने, छापील पुराव्याची मागणी लावून धरली ती याच भीतीने. एकमेव प्रत त्याच गृहखात्याकडे आणि त्या गृहखात्याचा इतिहास हा.

रोखठोक

वकीलसाहेब, तेच उदाहरण उलटंही वाचता येतं. त्या लोकांकडे कागद नव्हता म्हणूनच ते भरडले गेले. तेव्हा डिजिटल नोंद असती तर तपासायला एक मिनिट लागलं असतं.

जुना वकील

नोंद असती आणि ती बरोबर असती तर. अकाउंटमध्ये चुकीची तारीख, दुसऱ्याच कुणाचा तपशील, असे प्रकार झालेले आहेत. चूक कळवायला ऑनलाइन फॉर्म आहे, हे मी नाकारत नाही. पण दुरुस्ती होईपर्यंत विद्यार्थी दाखवणार काय? कार्डावर छापलेली तारीख रातोरात बदलत नाही.

फाटका खिसा

काकू, काल रात्री कन्सल्टंटने कोड दिला. ईमेल बदलला. पैसे मागितले नाहीत, बहुधा हा धागा वाचला असावा 😄

घराचंही सांगतो. इंग्लंडमध्ये राहण्याची परवानगी नसलेल्याला न तपासता घर दिलं तर घरमालकाला पहिल्याच वेळी माणशी १०,००० पौंडांपर्यंत दंड, २०२४ पासून. त्यामुळे साइट ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ म्हणाली की एजंट थोडा वेळ थांबत नाही, रांगेतल्या ब्रिटिश पासपोर्टवाल्याला खोली देऊन मोकळा होतो.

खवट काकू

छान केलंस. आता ईमेलचा पासवर्ड मित्राला देऊ नकोस.

रोखठोक

उत्तरायण, सोप्या लॉगिनवर माझं काही म्हणणं नाही. पण छापील पुरावा म्हणजे नेमकं काय हवंय ते तरी सांगा. पुन्हा कार्ड?

उत्तरायण

कार्ड नको. अकाउंटमधून काढता येईल असा एक पानी कागद, त्यावर सरकारने डिजिटल सही केलेला क्यूआर कोड. इंटरनेट नसतानाही स्कॅन करून खरा-खोटा कळेल असा.

रोखठोक

आणि कोर्स अर्धवट सोडला म्हणून परवानगी रद्द झाली तर? बॅगेतला कागद पुढेही ‘वैध’च म्हणत राहणार. दहा हजारांचा दंड डोक्यावर असलेला घरमालक तो कागद बघून शेवटी साइटच उघडणार. विमान कंपनीही तेच करणार.

उत्तरायण

घरमालकाने उघडावी. माझा कागद घरासाठी नाहीच, साइट उघडत नसेल त्या रात्री विमानात चढण्यासाठी आहे. त्यावर काढल्याची तारीख टाका, तीस दिवसांची मुदत ठेवा. पलीकडे उतरल्यावर अधिकारी त्याच्या संगणकावर बघतोच, परवानगी रद्द झाली असेल तर तिथे अडवेल.

रोखठोक

म्हणजे प्रत्येक प्रवासाआधी लॉगिन करून नवा कागद काढायचा. तेवढं लॉगिन जमणाऱ्याला शेअर कोडही काढता येतो, आणि तो ९० दिवस चालतो. निघण्याआधी काढून वहीत लिहून ठेवा की.

उत्तरायण

तो कोड तपासायलाही समोरच्याला तीच साइट लागते हो.