डायरीच्या सौद्यात साडेचार लाख सुटले, तेव्हापासून उपासनेत मन लागत नाही

छावणीचा मुनीम (इंदूर)

सगळ्यांना सलाम. वय 47. छावणीच्या धान्य बाजारात एका आडत्याकडे हिशेब लिहितो. आजोबा नगरहून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इकडे आले, तेव्हापासून आम्ही इंदूरचेच. आमच्या ख्रिस्ती मंडळीत मराठी घरं जेमतेम तीस, उपासना महिन्यातून दोनदा, आणि सहा वर्षं खजिनदारी माझ्याकडे आहे.

मागच्या वर्षी सुपर कॉरिडॉरच्या पलीकडे एका नव्या कॉलनीत 1,000 फुटांचा प्लॉट डायरीवर घेतला. बाहेरगावच्यांसाठी सांगतो: कॉलनीला परवानगी यायच्या आधीच दलाल डायरीत नाव, प्लॉट नंबर, भाव आणि मिळालेली रक्कम लिहून देतो, रजिस्ट्री पुढे कधीतरी. भाव 1,800 रुपये फूट होता. मी 4 लाख भरले. चार महिन्यांत भाव 2,250 झाला आणि मी डायरी पुढे दिली. साडेचार लाख सुटले, म्हणजे माझा दीड वर्षाचा पगार.

त्यातून मुलीची नर्सिंगची फी भरली, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. त्याबद्दल देवाचे उपकार मानले, मनापासून मानले. पण आता उपासनेत गीत चालू असतं आणि मी मनात आकडे मांडत असतो: तेव्हा दोन प्लॉट घेतले असते तर नऊ लाख. मिळालेल्याचा आनंद आठ दिवस टिकला. न मिळालेल्याची हळहळ अजून जात नाही.

मागच्या बुधवारी दलालाचा फोन आला, "भैया, इस बार छोड़ दिया तो फिर मत कहना." सहा लाख हवे होते, माझ्याकडे साडेतीन होते. आणि मला हॉलच्या छपराचा निधी आठवला, 2,40,000. चेकवर दोन सह्या लागतात, पण चिटणीस नोकरीला देवासला असतात, म्हणून आधीच सह्या करून ठेवतात. दोनच महिने वापरू, वर व्याज घालून परत ठेवू, मंडळीचाही फायदा! रात्री अकरा वाजता चेकबुक काढून टेबलावर ठेवलं होतं. लिहिलं नाही. बायकोने दिवा का चालू आहे विचारलं, तेव्हा परत कपाटात ठेवलं.

बायबलात, लूकच्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायात प्रभू म्हणतो, "सांभाळा, सर्व प्रकारच्या लोभापासून दूर राहा." मी दारूपासून सांभाळलं, लाचेपासून सांभाळलं. पण हा लोभ मला लोभ वाटलाच नाही, मुलीची काळजी वाटली, काटकसर वाटली. मग पहारा ठेवायचा तरी कशावर? आणि नफा कमावणं हेच चुकलं का?

राऊचा मास्तर

दादा, नफा पाप नाही. निर्गम 16 वाचा. रानात देव लोकांना आकाशातून अन्न द्यायचा, तो मान्ना. माणशी एक ओमर, म्हणजे ठरलेलं एक माप, गोळा करायचा, सकाळपर्यंत ठेवला तर किडे पडत. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची आज्ञा होती आणि तो सडला नाही. साठवण तीच, मडकं तेच. एक साठवण देवाच्या सांगण्यावरून होती, दुसरी उद्या मिळेल की नाही या भीतीने. मुलीची फी, आईचे डोळे हा मला तरी सहाव्या दिवसाचा मान्ना वाटतो.

नव्या करारात लोभासाठी ग्रीक शब्द आहे प्लेओनेक्सिया, अधिक असण्याची ओढ. किती असावं ते त्यात नाहीच, फक्त 'आणखी'. लूकच्या त्याच अध्यायातला, पीक साठवायला मोठी कोठारं बांधायला निघालेला श्रीमंत शेतकरी बघा: माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, माझा जीव. शेतं पिकली हा त्याचा गुन्हा नव्हता. एवढं पिकल्यावर त्याने ना देवाला विचारलं ना शेजाऱ्याला, सगळा सल्ला स्वतःचाच घेतला. तुम्हीही रात्री अकराला एकटेच होता.

निवृत्त सिस्टर (वडोदरा)

बाळा, चेकबुकाचं तू मोकळेपणाने सांगितलंस, बरं केलंस. मला त्यावर गेहजी आठवला, 2 राजे 5. अलीशा संदेष्ट्याने नामान सेनापतीचं कोड बरं केलं, पण त्याच्याकडून काही घेतलं नाही, आणि हा त्याचा चाकर मागून धावत गेला, धन्याच्या नावावर दोन किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी आणि दोन पोशाख घेऊन आला. अलीशाने विचारलं, कुठून आलास? म्हणाला, कुठेच गेलो नव्हतो. मी 34 वर्षं वॉर्डात काढली. रोगी जिथे दुखतं ते सोडून भलतीकडेच बोट दाखवतो, हे मी फार पाहिलं आहे. म्हणून विचारते, रागावू नकोस. डायरी पुढे दिलीस ती कोणाला?

छावणीचा मुनीम (इंदूर)

मावशी, दोन दिवस उत्तर लिहायचं धाडस झालं नाही.

एका निवृत्त शिपायाला दिली. ग्रॅच्युइटीचे पैसे होते. पलासियाला दलालाच्या ऑफिसात त्याची बायको बरोबर आली होती, हातात स्टीलचा डबा. तिने मला विचारलं, दलालाला नाही, मला: "परमिशन आ गई है ना, भैया?" दलाल मध्येच म्हणाला, "हो जाएगी." मी मान हलवली. परवानगीचा अर्जसुद्धा गेला नव्हता, मला ठाऊक होतं. ती अजूनही आलेली नाही. आता त्या भावात कोणी घेणारा नाही, डायरी त्याच्याच हातात आहे.

चेकबुकाचं सांगणं सोपं होतं, कारण तिथे मी थांबलो होतो.

देवासरोडकर काका

मी आयुष्यभर नोंदणी कार्यालयाबाहेर दस्तऐवज लिहिले. रोखीने डायरी फिरते तेव्हा ना मुद्रांक भरला जातो ना नफ्यावरचा कर, आणि परवानगी अडकली की शेवटच्या धारकाचं नुकसान होतं. तो शेवटचा बहुतेक असाच कोणी पेन्शनर असतो. मास्तर, तुमचं मान्न्याचं बरोबर, पण या साडेचार लाखांना मी सहाव्या दिवसाचा मान्ना म्हणणार नाही.

खजिनदार, लूकमधला जकातदार जक्कय प्रभूला बघायला चढलेल्या झाडावरून उतरला तेव्हा त्याने प्रभूला 'पहारा कसा ठेवू' विचारलं नाही. अर्धं गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट, असं उभं राहून सांगितलं. तुम्हाला चौपट झेपणार नाही. त्या माणसाचा पत्ता आहे का? आणि कोऱ्या सह्यांचे चेक उद्याच चिटणीसांना परत करा. देवास काही लांब नाही.

राऊचा मास्तर

काका, मान्य. मी फार लवकर 'पाप नाही' म्हणालो.

छावणीचा मुनीम (इंदूर)

चेक काल देऊन आलो. चिटणीसांना कारणही सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग चहा मागवला.

पत्ता आहे, बाणगंगेजवळ. बायकोला सगळं सांगितलं; ती म्हणाली, साडेतीन लाख आजच देऊ, उरलेला लाख दर महिन्याला दहा-दहा हजार करून देऊ, आणि त्याने त्याचे मूळ पैसे मागितले तर डायरी आपण परत घेऊ. डायरी परत आली तर आमचेच चार लाख अडकतील, हे तिला माहीत आहे. मीच अजून घाबरतोय. रविवारी उपासनेनंतर दोघं जातोय. मावशी, त्या वेळेला, साधारण साडेबाराला, प्रार्थनेत आठवण ठेवा.