हानाफुदाचे महिने डोक्यात कसे बसवायचे?

स्वरदा_कोथरूड
निन्टेन्डोच्या स्विच या गेम खेळायच्या यंत्रावर 'क्लबहाऊस गेम्स'मध्ये हानाफुदा, म्हणजे जपानी फुलांचे पत्ते, खेळायला लागले आणि इतका आवडला की खरा कॅटच मागवला. ४८ पानं, १२ महिने, प्रत्येक महिन्याचं एक झाड आणि त्याची चार पानं, इथवर कळलं. पुढे गाडी अडते. मार्चला साकुरा (चेरीची फुलं) ठीक, पण ऑगस्टला पूर्ण चंद्र? जपानीच्या क्लासमध्ये तर शिकवलं की चंद्र बघायचा सण, त्सुकिमी, सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. नोव्हेंबरच्या पानावर तर छत्री घेतलेला माणूस आणि पाऊस आहे. हे पाठ करायची काही युक्ती आहे का? शिवाय आईचं म्हणणं, जुगाराची पानं घरात कशाला? तिला काय सांगू?

उजीची_वैदेही
स्वरदा, इंग्रजी महिने बाजूला ठेव आणि आपले मराठी महिने लाव. चटकन बसतील.

ही पानं एदो काळातली (१६०३ ते १८६८), म्हणजे जुन्या चांद्र पंचांगाची. जपानने इंग्रजी कॅलेंडर घेतलं ते १ जानेवारी १८७३ पासून. जुना पहिला महिना आपल्या माघाच्या आसपास सुरू व्हायचा, तोही अमावास्या संपल्यावर. आता मोज. पाइन आणि करकोचा माघ, उमे (जपानी प्लम) फाल्गुन, साकुरा चैत्र, फुजी (विस्टेरियाची वेल) वैशाख, आयरिस ज्येष्ठ, बोतान (पिओनीचं फूल) आणि फुलपाखरू आषाढ, हागी (एक फुलांचं झुडूप) आणि रानडुक्कर श्रावण, गवतामागचा चंद्र भाद्रपद, शेवंती आश्विन, मेपल आणि हरीण कार्तिक, विलो मार्गशीर्ष, किरी (पॉलोनियाचं झाड) पौष. म्हणजे तुझा तो चंद्र बहुतेक वर्षी भाद्रपदी पौर्णिमेचा. अधिक महिना त्यांच्याकडेही असतो, पण तो कधी धरायचा याचं गणित आपल्याहून वेगळं, त्यामुळे मधूनच एका महिन्याचा फरक पडतो. २०२५ मध्ये त्सुकिमी आणि आपली कोजागिरी एकाच रात्री आली, ६ ऑक्टोबरला.

त्सुकिमी अजून तिथीनेच होते हे मला फार आवडतं. तानाबाताचं, म्हणजे ताऱ्यांच्या सणाचं, मात्र वाईट झालं. सातव्या महिन्याची सप्तमी सरळ ७ जुलैला नेऊन बसवली. इकडे जपानात तेव्हा बहुधा पावसाळाच चालू असतो, मग तारे दिसणार कुठून! सेंदाई शहरात तो ६ ते ८ ऑगस्टला करतात, तेच खरं योग्य.

विलोवरचा माणूस म्हणजे ओनो नो मिचिकाझे, दहाव्या शतकातला सुलेखनकार. त्याच्या पायाशी बघ, बेडूक आहे. लोंबणारी फांदी पकडायला तो बेडूक पुन्हा पुन्हा उड्या मारतो आणि शेवटी पकडतो. ते बघून मिचिकाझेने सराव सोडला नाही, अशी गोष्ट सांगतात. हे पान बेडकावरूनच लक्षात ठेव.

खेळताना तसंही महिना कुणी म्हणत नाही, झाडाला झाड जुळलं की पान उचलायचं. माझ्या शेजारच्या आजींबरोबर मी खेळते. पानं काडेपेटीएवढी, पण चांगली जाड. त्या पान असं आपटतात की 'टप' आवाज झालाच पाहिजे. शेवंतीचा साकेचा (तांदळाच्या दारूचा) पेला आणि साकुराचा पडदा हातात आला की 'हानामि-झाके', पेला आणि चंद्र आला की 'त्सुकिमी-झाके'. फुलांखाली किंवा चांदण्यात बसून पिण्याचे गुण! ऋतू असे मोजलेले मी दुसऱ्या कुठल्या पत्त्यांत पाहिले नाहीत.

पेडण्याचा_संजय
आईंना इतिहास सांगा. जपानात युरोपी पत्ते नेले पोर्तुगीजांनी. ते १५४३ मध्ये तानेगाशिमा या जपानी बेटाला पोचले आणि पुढे त्यांची जहाजं आमच्या गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जाऊ लागली. १६३० च्या दशकात तेव्हाचे राज्यकर्ते तोकुगावा यांनी देशाची दारं लावून घेतली, परदेशी पत्त्यांवर बंदी आली. लोकांनी नवी चित्रं काढली, त्यांच्यावरही बंदी. असं बरंच चाललं. आकडेच नसलेली, नुसत्या फुलांची पानं त्यातूनच पुढे आली. जुगार त्यांच्यावरही झाला, हे आईंपासून लपवू नका. पण मेजी काळात (१८६८ नंतर) बंदी सैल झाली आणि १८८९ मध्ये फुसाजिरो यामाउची यांनी क्योतोत हानाफुदा बनवायला सुरुवात केली. तेच निन्टेन्डो. तुमच्या हातातला स्विच त्या दुकानातून आलाय.

उजीची_वैदेही
संजयदादा, छान सांगितलंत. निन्टेन्डो हानाफुदा अजूनही विकते. 'दाइतोर्यो' नावाच्या कॅटवर नेपोलियनचं चित्र असतं. आणि क्योतोजवळच्या आमच्या उजीत जिथे पूर्वी त्यांचा पत्त्यांचा कारखाना होता, तिथे ऑक्टोबर २०२४ पासून त्यांचं संग्रहालय आहे. आत हानाफुदा स्वतः बनवून बघता येतं. स्वरदा, येणार असशील तर तिकिटासाठी आधी सोडतीत नाव घाल, ऐनवेळी दारात जाऊन उपयोग नाही.

स्वरदा_कोथरूड
ताई, मराठी महिन्यांनी खरंच एका बैठकीत पाठ झाले! संजयदादांचं उत्तर आईला वाचून दाखवलं. पैसे लावायचे नाहीत या अटीवर ती बसली. एकच शंका. पेल्याचं पान आलं की त्या दोन जोड्या फार पटकन होतात आणि डाव लगेच संपतो. त्या काढून टाकू का?

उजीची_वैदेही
काढू नकोस गं, आईला तर त्याच आवडतील. काही घरांत त्या एकट्या धरत नाहीत. दुसरी एखादी जोडणी झाली, समजा डुक्कर-हरीण-फुलपाखरू, तरच त्यांचे गुण वर मिळतात. तसं खेळा. मग 'कोइ-कोइ' म्हणून डाव पुढे न्यायचा की थांबायचं, याचा नीट विचार करावा लागतो.