अनुभव धागा: खोबरेल थिजलं, आता बोला!

आज सकाळी खोबरेलाची बाटली उलटी केली, तेल जागचं हललं नाही. दादरमध्ये! साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजायला लागतं, म्हणजे आपल्या हिशेबाने हिमयुगच. दूध आणायला निघालेल्या काकांच्या कानांना मफलर, शाळेत निघालेल्या पोरांना माकडटोप्या.

तुमच्यापैकी खरोखरच्या थंडीत कोण कोण राहून आलंय? कसे तगलात, आणि तिथे बसून मुंबईतलं नेमकं काय आठवायचं? 'एकावर एक कपडे घाला' एवढंच लिहू नका, ते आईने फोनवर सांगून झालेलं असतं.

सुरुवात मीच करते. कॅनडातल्या विनिपेगला चार हिवाळे काढले. उणे ४० ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात, हे शाळेतलं गणित तिथे तोंडावर येऊन आदळलं. श्वास घेतला की नाकातले केस गोठून टोचायचे. पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीच्या तोंडातून वायर लोंबताना बघून मी विचारलं, "इथे सगळ्या गाड्या विजेवर चालतात का?" ती इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर लावायच्या हीटरची वायर होती. सगळे पोट धरून हसले.

पण थंडीपेक्षा घरातल्या कोरड्या हवेने जास्त छळलं. ओठ फुटायचे, दाराच्या मुठीला हात लावला की विजेचा चटका बसायचा. मग मी एक उपाय काढला. कुकरची वाफ जिरली की झाकण काढायचं आणि तोंड वर धरून उभं राहायचं. वरणभाताची वाफ, हिंगाचा वास, चष्म्यावर धुकं. अर्धा मिनिट अगदी मे महिन्यातलं दादर! नवरा विचारायचा, "वाढतेस, की आधी फेशियल उरकतेस?"

*

ताई, वाफेचं अगदी पटलं. मी लालबागचा, लेहला साइटवर दोन हिवाळे होतो. रात्री बादलीत ठेवलेलं पाणी सकाळी हातोडीने फोडायचं. डिझेल गोठायचं म्हणून ड्रायव्हर त्यात रॉकेल मिसळायचे. उणे ३३ पर्यंत चालणारं खास डिझेल तिथे २०१९ मध्ये आलं, मी त्याच्या आधीचा. खोलीत बुखारी, म्हणजे खोली तापवायची धुराड्याची शेगडी, असायची, पण तिचा धूर नळीतून बाहेर जातोय ना, हे बघितल्याशिवाय आमचा म्हातारा लडाखी मुकादम कोणाला झोपू द्यायचा नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपणारा सकाळी उठतोच असं नाही. इकडे माथेरानला जाऊन असले प्रयोग करणाऱ्यांनीही हे वाचा.

आठवायचं काय? घाम. चेष्टा नाही. लोकलमध्ये शेजारच्याच्या घामाला नाक मुरडणारा मी, तिथे आंघोळ आठवड्याने व्हायची.

*

मुलांनो, मी गिरगावातला, वय ७३. जानेवारी १९६२ मध्ये सांताक्रूझला पारा ७.४ वर उतरला होता. आमच्या गिरगावात समुद्रामुळे तेवढा नव्हता, तरी चाळीतली आम्ही सहा भावंडं दोन गोधड्यांत. मधली जागा मिळावी म्हणून मी जेवण अर्धवट टाकून झोपायला पळायचो. हीटर कसला न् काय!

*

कर्जतहून पहाटेची लोकल पकडणाऱ्यांना विचारा. मे महिन्यात ज्या खिडकीसाठी हाणामाऱ्या होतात, ती जानेवारीत रिकामी असते. "बसा ना काका, बसा!" असा आग्रहसुद्धा होतो.

*

स्टॉकहोम. डिसेंबरात तीन वाजायच्या आत सूर्य गायब. थंडीची सवय झाली, अंधाराची नाही. दुपारच्या सुट्टीत, भूक असो नसो, पंधरा मिनिटं बाहेर चालून यायचंच, हा नियम एका सहकारी बाईंनी लावून दिला. त्यावरच निभावलं. आईला व्हिडिओ कॉल केला की मी म्हणायचे, तू नको दिसूस, फोन गॅलरीत ने, ऊन दाखव.

*

जरा वेगळं बोलते, राग मानू नका. मुंबईची थंडी म्हणजे नुसती गंमत नाही. वारा पडतो, थंड हवा खाली बसते आणि धूर-धूळ तिच्यातच अडकून राहते. माझ्या बाबांना दमा आहे. डिसेंबर लागला की आमच्या घरी स्वेटरच्या आधी पंप शोधला जातो. सकाळच्या धुक्याचे फोटो टाकता ना, त्यातलं बरंचसं धुकं नसतंच. बाबांना आता ऊन वर आल्यावरच फिरायला पाठवते.

*

पटलं गं. आमच्या काकांनाही सांगते, दूध उशिरा आणा म्हणून.

आणि हो, बाटली खिडकीत उन्हात ठेवली होती. साडेअकराला तेल पातळ झालं. आत्ता पंखा तीनवर आहे.