समोच्च संकल, कंटूर की वेढा?

परीघ : पदवीच्या संमिश्र विश्लेषणाची (कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस) टिपणं मराठीत करायचं काम चालू आहे. ‘कंटूर इंटिग्रल’साठी मसुद्यात ‘समोच्च संकल’ आलंय आणि तपासणाऱ्यांनी ते मान्य करून पाठवलंय. मला ते साफ चूक वाटतं. समोच्च म्हणजे सारख्या उंचीचं, नकाशावरची रेषा. इथे उंचीचा संबंधच नाही. गुळगुळीत तुकडे टोकाला टोक जोडून प्रतलावर आखलेला, दिशा ठरवलेला मार्ग एवढाच अर्थ आहे. काय लिहावं?

ज्या : समोच्च नकोच. खऱ्या समोच्चरेषा याच अभ्यासक्रमात भेटतात, म्हणून घोळ जास्त होईल. झेडचा वर्ग घ्या (झेड = क्ष + आय·य, आय म्हणजे −१ चं वर्गमूळ). वास्तव भाग क्ष² − य², कल्पित भाग २क्षय. प्रत्येकाला स्थिर किंमत दिली की अपास्तांची दोन कुळं मिळतात आणि ती एकमेकांना काटकोनात छेदतात. अपवाद फक्त आरंभबिंदूचा. तिथे विकलज २झेड शून्य होतो, आणि य = ±क्ष या रेषा अक्षांना ४५ अंशांत छेदतात. या वक्रांना समोच्च म्हणणं रास्त आहे. त्याच शब्दाने पुढच्या प्रकरणात संकलनाचा मार्ग सांगितला तर विद्यार्थी फलनाची किंमत मार्गभर स्थिर धरून बसेल.

अंशछेद : ‘कंटूर’ लिहा आणि पुढे चला. वर्गात तेच बोललं जातं, फळ्यावर तेच लिहिलं जातं.

उपपत्ती : हातात शब्द असताना उसना कशाला? ‘वेढा’ घ्या. १/झेडचं आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने एकदा संकलन केलं की २ पाय आय येतं, दोन वेढे घातले की ४ पाय आय, आणि घड्याळाच्या दिशेने गेलं की चिन्ह उलटतं. ‘वाइंडिंग नंबर’ला ‘वेढासंख्या’ आपोआप मिळते. एका शब्दात दोन कामं.

ज्या : वेढासंख्या छान आहे, ती ठेवाच. पण कंटूर बंदच असतो असं कुठे आहे? झेडच्या संयुग्मीचं (क्ष − आय·य) संकलन ० पासून १ + आय पर्यंत करा. सरळ रेषेने उत्तर १ येतं. आधी १ पर्यंत आडवं आणि मग वर गेलं तर १ + आय. संयुग्मी वैश्लेषिक नाही, म्हणजे त्याचं झेडच्या संदर्भात विकलन होत नाही, म्हणून उत्तर मार्गावर अवलंबून राहतं, आणि हेच शिकवण्यासाठी उघडा मार्ग लागतो. त्याला वेढा कसं म्हणणार?

उपपत्ती : उघड्याला ‘मार्ग’, बंदला ‘वेढा’.

अंशछेद : म्हणजे एका शब्दाचे दोन झाले. १/(१ + क्ष²) चं पूर्ण वास्तव रेषेवरचं संकलन बघा : −आर ते आर हा तुकडा, वर अर्धवर्तुळ. कंसाची लांबी पाय गुणिले आर, त्यावर फलनाचं केवल मूल्य १/(आर² − १) पेक्षा जास्त नाही, म्हणून आर वाढला की कंसाचा वाटा शून्याकडे जातो. आत एकच ध्रुव (जिथे छेद शून्य होऊन फलन अनंताकडे जातं तो बिंदू), आय. तिथला अवशेष (रेसिड्यू) १/(२ आय), त्याला २ पाय आय ने गुणून उत्तर पाय. खालचा ध्रुव −आय सुद्धा मोजणाऱ्यांचं उत्तर शून्य येतं, जे धन फलनाच्या बाबतीत शक्यच नाही. हे लिहिताना तुमचा मार्ग कुठे संपतो आणि वेढा कुठे सुरू होतो?

परीघ : कंटूर हा शब्द फ्रेंचमधून, त्याआधी इटालियन ‘कोंतोर्नो’, आणि मुळाशी लॅटिनमधलं लेथवर फिरवणं. म्हणजे फिरण्याचा अर्थ मुळातच आहे. वेढ्याला तेवढा आधार आहे.

ज्या : व्युत्पत्तीवर भिस्त ठेवली तर ‘संकल’ही टिकत नाही. लीलावतीत, म्हणजे ११५० मध्ये, संकलित म्हणजे बेरीज आणि व्यवकलित म्हणजे वजाबाकी. त्यापेक्षा ‘समाकलन’ बरं.

उपपत्ती : संकलन महाविद्यालयात रुळलंय, आता उपटू नका. आणि इंटिग्रल ही शेवटी बेरजेचीच सीमा आहे ना?

अंशछेद : मग रुळलेल्या कंटूरला वेगळा नियम का?

उपपत्ती : संकलन मराठी व्याकरणात मुरलंय : संकलित, संकलनीय. कंटूरपासून विशेषण करून दाखवा.

परीघ : वर ‘अवशेष’ आलाय. मसुद्यात तिथे ‘शेष’ आहे.

ज्या : शेष नको, तो भागाकाराच्या बाकीकडे ओढतो. कोशीने १८२६ मध्ये रूढ केलेल्या संज्ञेचाही अर्थ ‘उरलेलं’ असाच. लोराँ श्रेणीचं (धन आणि ऋण दोन्ही घातांकांची श्रेणी) ध्रुवाभोवती पदवार संकलन केलं की सगळे घातांक शून्य देतात, फक्त उणे एकच्या घाताचं पद उरतं. त्याचा सहगुणक तो अवशेष.

अंशछेद : संख्या सिद्धांतात (नंबर थिअरी) भागाकारानंतरच्या बाकीलाही अवशेषच म्हणतात, त्यामुळे भांडण मिटत नाही. शब्दापेक्षा चुकतं ते इथे : झेडचा घातांकी फलन (ई चा झेड घात) भागिले झेड³. मुलं झेड³ ने गुणून झेड = ० ठेवतात आणि १ लिहितात. ध्रुव तिसऱ्या कोटीचा आहे. गुणल्यावर दोनदा विकलन करायचं, मग ० ठेवायचं आणि २ ने भागायचं. अवशेष १/२.

उपपत्ती : ‘घातांकी फलन’ पुल्लिंगी कसं? फलन नपुंसकलिंगी आहे.