विहीर सकाळी पंचवीस मिनिटंच पाणी देते, दिवस कसा बसवू?

सड्यावरची
देवगड तालुक्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, आमचं कौलारू घर आहे. मी, नवरा, सासूबाई, एक गाय, तिचं पाडस आणि गेल्या पावसात लावलेली हापूसची तीस कलमं. डोंबिवली सोडून दोन वर्षं झाली. विहीर जांभ्यातली, दहा फूट रुंद, बत्तीस फूट खोल. आत अर्ध्या हॉर्सपॉवरचा ओपनवेल पंप.

एप्रिल लागला की सकाळी पंचवीस मिनिटं पाणी येतं, मग गढूळ. गेल्या वर्षी संध्याकाळी पुन्हा मोटर लावली आणि मी पाडसाच्या मागे धावत गेले. परत येईपर्यंत पंप कोरडा चालून जळला होता. वाइंडिंग होऊन येईपर्यंत नऊ दिवस रहाटावर. हाताला घट्टे पडले ते अजून आहेत.

आता सकाळी सगळं एकाच वेळी अंगावर येतं: धार, गोठा, चूल, आंघोळी, धुणं, कलमं. कोण आधी, कोण नंतर? आणि पागोळ्यांचं पाणी साठवायला मोठी टाकी या मे महिन्यात बांधावी का? घर तीस बाय पंचवीस फूट आहे.

निवृत्त_ओव्हरसियर
टाकीचं नंतर बघू. आधी विहीर मोजा. दोरीला वीट बांधा, दर फुटाला गाठ मारा. सकाळी मोटर बंद केल्यावर पातळी बघा, दुसऱ्या दिवशी चालू करायच्या आधी पुन्हा बघा. दहा फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण सव्वादोन हजार लिटर. रात्रंदिवसात जेवढी वर येते तेवढीच तुमची कमाई, त्याहून जास्त उपसलंत तर गाळ येणारच. दोनशे लिटरचं पिंप किती मिनिटांत भरतं तेही घड्याळ लावून बघा.

छपराचं म्हणाल तर एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमचं छप्पर सत्तर चौरस मीटर. तिकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, उडालेलं-सांडलेलं सोडलं तरी दीड लाख लिटरच्या वर खाली येतं. शंभर मिलिमीटरच्या एका दिवसात साडेपाच हजार. म्हणजे पाणी कमी नाही, ठेवायची जागा कमी आहे. आठ फूट व्यासाची, साडेसहा फूट उंच फेरोसिमेंटची, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंट थापलेली, टाकी केलीत तर नऊ हजार लिटर बसेल. तिघांचं पिणं-रांधणं रोज तीस लिटर आणि गाय-पाडसाचं सत्तर धरलं, तरी मार्चपासून पावसापर्यंत नव्वद दिवस निघतात.

पण मे महिन्यात बांधू नका. टाकी बांधायला पाणी लागतं आणि बांधल्यावर तिला दोन आठवडे पाणी मारावं लागतं. ते कुठून आणणार? दिवाळीनंतर बांधा, तेव्हा विहीर तुडुंब असते.

माणदेशी
ताई, तीन हजार मिलिमीटर वाचून डोळं पांढरं झालं. आमच्या माण तालुक्यात पाचशे पडला तरी लोक बरं वर्ष म्हणत्यात. मोठी टाकी पुढं बघा, आज मोटारीचा पाइप कलमांकडं सोडूच नका. आधी घरातली पिंपं भरा, मग गाईचं. आंघोळीचं पाणी बादलीत धरा, त्यात धुण्याचा पहिला हात काढा, तेच पाणी गोठ्याला. भांडी राखेनं घासली की उष्टं पाणी अळूला चालतं, पावडरचं चालत नाही. आन् कलमाशेजारी मातीचं मडकं पुरा, बुडाला भोक पाडून चिंधीची वात घाला. आळ्यात पाला दाबा. दुपारी पाणी घालणं म्हणजे उन्हाला पाजणं.

मालवणकर७२
पन्हळ पीव्हीसीची लावू नका, माकडं झोके घेतात. आमच्या दोन गेल्या. पत्र्याची करा, नाहीतर जुनी पद्धत, पोफळीचं खोड उभं चिरून आतून कोरायचं. दुसरं म्हणजे टाकी जूनच्या पाण्याने भरायची घाई करू नका. कौलांवर माकडांची घाण, पाला, चुलीची काजळी. गणपतीपर्यंत छप्पर धुऊन निघतं, मग टाकी घासून दोन-चार दिवसांच्या सरीत भरा आणि झाकण बंद करा. तोंडाला जाळी लावा, नाहीतर डास. आणि प्यायचं पाणी उकळूनच.

सड्यावरची
दोरी टाकली. चार दिवसांत रोज सहा इंच, म्हणजे अकराशे लिटर. पिंप पाच मिनिटांत भरतं, म्हणजे पंचवीस मिनिटांत हजार लिटर जातात, हिशेब लागला. मग कागद घेऊन बसले. प्यायला-रांधायला तीस, आंघोळी पंचाहत्तर, भांडी-धुणं दीडशे, संडास-गोठा मिळून दोनशे, गाय-पाडस सत्तर. सव्वापाचशे होतात. बाकीचं कुठे जातं? तर नवरा दहा वाजता पाइप कलमांत सोडून पेपर वाचतो.

त्याला काही बोलले नाही, पाइप माळ्यावर टाकला. आता पाच वाजता मोटर, पहिली दोन पिंपं घराची, तिसरं गाईचं, बाकी वरच्या टाकीत. धार होईतो मोटर बंद. कलमांना मडक्यात रोज पाळीपाळीने दहा कळशा, त्या त्याने वाहायच्या. परवा मोटर बंद केली तेव्हा पाणी अजून नितळ होतं.

टाकी दिवाळीनंतर. यंदा दोन हजार लिटरची काळी प्लास्टिकची पुढच्या पागोळीखाली ठेवतेय. सासूबाईंना विचारलं, तर त्याही मालवणकरांसारखंच म्हणाल्या, "पयलो पाऊस कौलां धुवन जाता, तो घेव नको." दोन वर्षांत त्यांनाच आधी विचारायला हवं होतं. पोफळीचं खोड त्यांच्या माहेरून येतंय, कोरायला कुणी माहितीतलं असेल तर सांगा.